घरातली जुनी मोटरसायकल पुन्हा रस्त्यावर आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आजोबांची बुलेट किंवा वडिलांची येझदी मुंबईत बहुतेक वेळा जिन्याखाली, वॉचमनच्या खोलीमागे नाहीतर गावी नेऊन पडवीत उभी असते. ती पुन्हा चालू करायची म्हटली की सगळ्यांना तेच तेच प्रश्न पडतात. इथली मापं आणि उदाहरणं मुख्यतः दोन गाड्यांची आहेत : कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० आणि मैसूरच्या आयडियल जावा कंपनीची जावा-येझदी २५०. राजदूत, आरएक्स १०० किंवा बीएसए असेल तर पद्धत हीच, मापं मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

सुरुवातीलाच एक सांगतो. आधी कागद, मग इंजिन, मग ब्रेक आणि वायरिंग, आणि रंग-क्रोम सगळ्यात शेवटी. आधी टाकी रंगवून आणली की पुढे इंजिन चढवता-उतरवताना तिच्यावर ओरखडे पडतात, पैसे संपतात आणि गाडी पोत्यांत भरून पडते. दुसरं, जुना पार्ट मोडका, गंजका, कसाही असो, गाडी पूर्ण होऊन चालेपर्यंत फेकायचा नाही. लेथवाल्याला माप त्याच्यावरूनच मिळतं.

गाडी अजून आजोबांच्या नावावर आहे. माझ्या नावावर कशी होईल?

मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर नोंदणी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. नियमाप्रमाणे मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा अर्ज करायचा. घरोघरी हे राहून गेलेलं असतं. म्हणून काम अडत नाही, पण उशिराचं शुल्क आणि खुलासा यांची तयारी ठेवा.

सोबत मूळ आरसी बुक, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा, बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र, विमा आणि पीयूसी लागतं. आजोबांकडून थेट नातवाकडे गाडी येत असेल तर खरी मेहनत मधल्या पिढीची असते. काका, आत्या, सगळ्यांच्या सह्या लागतात. त्या गाडी खोलण्याआधी घ्या. गाडी चकचकीत होऊन उभी राहिल्यावर तिच्यावर हक्क सांगणारे वाढतात, आणि त्यात नाती बिघडतात.

आरसी बुक हरवलं आहे. फक्त नंबर आठवतो.

आधी तो नंबर वाहन पोर्टलवर दिसतो का ते पाहा. १९८९ च्या आधीचे, एमएच नसलेले तीन अक्षरी नंबर बऱ्याचदा संगणकावर चढलेलेच नसतात. मग ज्या कार्यालयात मूळ नोंदणी झाली तिथल्या जुन्या रजिस्टरमधून नोंद काढून ती ऑनलाइन चढवून घ्यावी लागते. त्यासाठी मुंबईत बहुधा ताडदेव, अंधेरी किंवा वडाळा इथे जावं लागतं. दुय्यम आरसीसाठी फॉर्म २६ आणि पोलिसांकडची हरवल्याची नोंद लागते. घरातली जुनी विम्याची पावती, रोड टॅक्सची पावती, पेट्रोल पंपाची वही, काहीही जपून ठेवा. इंजिन नंबर आणि चेसिस नंबर एखाद्या जुन्या विमा पॉलिसीवर हमखास सापडतात.

चेसिस नंबर बहुतेक गाड्यांच्या हँडलच्या मानेजवळ फ्रेमवर ठोकलेला असतो. तो वाचता येत नसेल तर कानस किंवा ग्राइंडर लावू नका. रॉकेल आणि मऊ ब्रशने मळ काढा, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा, आकडे उमटतात. आरटीओतही असाच प्रिंट घेतात. फ्रेम रंगायला दिली तर त्या जागेवर लांबी (पुट्टी) किंवा जाड पावडर कोटिंग बसणार नाही हे पेंटरला बजावून सांगा. नंबर पुन्हा ठोकून घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तो गुन्हा आहे.

१५ वर्षं झाली की गाडी भंगारातच द्यावी लागते ना?

नाही. तो दिल्ली परिसरातला नियम ऐकून झालेला गैरसमज आहे. महाराष्ट्रात खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करता येतं. अर्ज फॉर्म २५ वर, सोबत पर्यावरण कर. तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते आणि हेडलाइट, टेललाइट, हॉर्न, दोन्ही ब्रेक चालू असावे लागतात. म्हणून वारसा आणि मालकीचे कागद आधी, नूतनीकरणाची तपासणी गाडी तयार झाल्यावर, असे दोन टप्पे मनात धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदवलेल्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. जुनी हाताने रंगवलेली प्लेट घरात जपून ठेवा.

‘व्हिंटेज’ नोंदणी घ्यावी का?

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर कायम राहतो. नव्याने नोंदणी होत असेल तर ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं.

पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. रविवारी सकाळी दादरहून मरीन ड्राइव्हला चक्कर मारायची असेल तर साधी नोंदणी आणि दर पाच वर्षांचं नूतनीकरणच बरं, असं आमचं मत आहे.

गाडी वीस वर्षं बंद आहे. नवं पेट्रोल टाकून किक मारून बघू का?

नको. पहिल्या किकेलाच नुकसान होतं. सिलिंडरच्या भिंतीवर गंजाची पापडी असते, ती रिंगांबरोबर घासली की चांगला ब्लॉकही (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) चरे पडून जातो. टू-स्ट्रोक गाडीत, म्हणजे जावा-येझदीत, जुनं तेल डिंकासारखं होऊन बेअरिंग धरून ठेवतं.

आधी प्लग काढा. भोकातून १५-२० मिली पातळ तेल सोडा आणि एक दिवस थांबा. मग गाडी स्टँडवर घेऊन टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने हळू पुढे-मागे करा. इंजिन सुरळीत फिरलं तर पुढे जा. मध्येच अडलं किंवा करकर आवाज आला तर ब्लॉक उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

इंजिन पूर्ण जाम आहे. कसं सोडवायचं?

संयमाने. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून प्लगच्या भोकातून ओता, पिस्टन बुडेल इतकं. ॲसिटोन उडून जातं आणि ते पेट घेणारं आहे, म्हणून भोक सैल बुचाने झाका आणि आसपास बिडी-सिगरेट किंवा देवाचा दिवाही नको. दर दोन दिवसांनी थोडी भर घाला. आठवडाभराने टॉप गिअरमध्ये चाक हलवून पाहा. एक मिलिमीटर जरी हललं तरी काम झालं समजा. पुढे-मागे, पुढे-मागे करत राहा.

किकवर उभं राहायचं नाही. किकच्या शाफ्टचे दाते तुटतात आणि जावा-येझदीत किक आणि गिअरचा दांडा एकच असल्यामुळे खर्च दुप्पट होतो. पिस्टनवर लाकूड ठेवून हातोडा मारायची पाळी आलीच, तर ती हेड काढून, पिस्टनच्या कडेला न मारता मधोमध, आणि कनेक्टिंग रॉड सरळ उभा नसताना मुळीच नाही.

सगळी गाडी एकदम खोलावी का?

जागा असेल तरच. मुंबईत ती नसते. म्हणून एका वेळी एक भाग : इंजिन, ते पूर्ण झालं की पुढचं चाक, मग मागचं. प्रत्येक नट सोडण्याआधी फोनवर दोन फोटो काढा, एक लांबून, एक जवळून. केबल कुठल्या बाजूने वळते, वॉशर आत आहे की बाहेर, हे फोटोत दिसलं पाहिजे. नट-बोल्ट झिपच्या पिशवीत, पिशवीत कागदाची चिठ्ठी. पिशवीवर मार्करने लिहिलेलं तेलाच्या हाताने पुसलं जातं.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांवर इंची बोल्ट असतात. मिलिमीटरचा पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की डोकं गोल झालंच. बुलेटसाठी व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश इंची मापाचे) पाने नागदेवी स्ट्रीटवर अजून मिळतात. जावा-येझदी पूर्ण मिलिमीटरमध्ये आहे.

ब्लॉक बोअर करायला देताना काय सांगायचं?

आधी पिस्टन विकत घ्या, मग ब्लॉक आणि पिस्टन दोन्ही एकत्र बोअरिंगवाल्याला द्या. बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, नेहमी हातात असलेल्या पिस्टनला जुळवून करायचा असतो. पाकिटावरच्या आकड्यावर भरवसा ठेवून नाही. बदली पिस्टनांत एकाच मापाच्या दोन नगांतही फरक निघतो. जावाचा मूळ बोअर ६५ मिमी, स्ट्रोक ७५. बुलेट ३५० चा ७० आणि ९०. आधी किती वेळा बोअर झालाय ते जुन्या पिस्टनच्या डोक्यावर ठोकलेल्या आकड्यावरून कळतं : ०.५० म्हणजे अर्धा मिलिमीटर मोठा. गाडी आधीच १.०० वर असेल तर लायनर (आतून नवी नळी) घालून मूळ मापाला परत यावं लागेल.

रिंग नुसती बोअरमध्ये सरकवा, पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ करा आणि टोकांमधली फट फिलर गेजने मोजा. ६५ मिमी बोअरला ०.२ ते ०.३ मिमी हवी. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि इंजिन धरतं, म्हणजे जाम होतं.

टू-स्ट्रोक ब्लॉकमध्ये आणखी एक गोष्ट, आणि ती हमखास विसरली जाते. बोअर केल्यावर पोर्टांच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा धारदार राहतात. त्या बारीक कानशीने किंवा दगडाने मोडून घ्यायच्या. नाही मोडल्या तर रिंग कडेत अडकून तुटते, आणि तो तुकडा नव्या पिस्टनचं डोकं आणि हेड दोन्ही खातो. बोटाचं टोक पोर्टाच्या कडेवरून फिरवून पाहा. नख खरवडलं जात असेल तर ब्लॉक परत पाठवा.

येझदी चालू झाली, पण मागे ढग सोडते. ऑइल जास्त झालं का?

आधी मिश्रण तपासा. जावा-येझदीला एक लिटर पेट्रोलमध्ये ४० मिली टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल, म्हणजे १:२५. पाच लिटरला २०० मिली. ते बरोबर असेल आणि तरी धूर असेल, तर गिअरबॉक्सचं तेल मोजून पाहा. ते कमी होत असेल आणि प्लग ओला, काळा निघत असेल तर क्लचच्या बाजूचं क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याचं) ऑइल सील गेलंय. इंजिन तिथून गिअर ऑइल ओढून जाळतं.

डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर लक्षणं उलटी : गाडी आपोआप रेस होते, आयडलिंग वर-खाली होतं, प्लग पांढरा पडतो. हा दोष जास्त धोक्याचा आहे, कारण बाहेरची हवा आत शिरून पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन भाजतो. बंद पडलेल्या गाडीतले रबराचे ओठ वाळून कडक झालेले असतात. इंजिन उघडलंच आहे तर दोन्ही सील डोळे झाकून बदला. सीलची किंमत किरकोळ असते, ते बदलायला इंजिन दुभंगणं महागात पडतं.

पहिल्या चालू करण्यात दहा मिनिटं दाट धूर निघाला तर घाबरू नका. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळतंय.

बुलेटचं इंजिन बांधून झालं. चालू करण्याआधी काय बघायचं?

बुलेटचं तेल इंजिनच्याच खोक्यात पण वेगळ्या कप्प्यात असतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पंपातून झिरपून क्रँकच्या कप्प्यात उतरतं. म्हणून आधी खालचा ड्रेन बोल्ट काढून तिथलं तेल मोकळं करा, नाहीतर पहिल्याच किकेला धूर आणि ब्रीदरमधून (हवा सुटायच्या नळीतून) तेलाचा सडा. नवं तेल २०डब्ल्यू-५०, साधं मिनरल.

नव्याने बांधलेल्या इंजिनात बिग एंडपर्यंत (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगपर्यंत) तेल पोहोचलंय याची खात्री केल्याशिवाय ते चालू करायचं नाही. प्लग काढून, टायमिंग कव्हरवरचा तेलाच्या वाटेचा बोल्ट थोडा सैल करून किक मारत राहा. तेल झिरपायला लागलं की घट्ट करा. चालू झाल्यावर एका मिनिटात हेडवर जाणाऱ्या तेलाच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून पाहा. तिथे तेल दिसलं नाही तर लगेच बंद करा.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला असताना लावायचे. पुशरॉड दोन बोटांत सहज गोल फिरला पाहिजे, पण वर-खाली खेळ लागता कामा नये.

पॉइंट आणि टायमिंग घरी लावता येईल?

येईल, आणि यावंच. जुन्या गाडीच्या निम्म्या तक्रारी इथे सुटतात. पॉइंट म्हणजे ठिणगी पाडणारा छोटा स्विच. त्याची फट बुलेट आणि जावा दोन्हींना ०.४ मिमीच्या आसपास. पॉइंटची तोंडं आधी बारीक पाणीपेपरने सपाट करा आणि पेट्रोलने पुसा. नव्या पॉइंटवरही गंजू नये म्हणून लावलेलं तेल असतं आणि त्यामुळे ठिणगी येत नाही.

ठिणगी पॉइंट उघडण्याच्या क्षणी पडते. तो क्षण शोधायला सिगरेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा आणि हलका ताण देत क्रँक फिरवा. कागद जिथे सुटतो तिथे पॉइंट उघडले. बुलेट ३५० मध्ये हे पिस्टन टोकाला पोहोचण्याच्या ०.८ मिमी आधी व्हायला हवं, ॲडव्हान्सची (वेगाबरोबर ठिणगी लवकर आणणारी) वजनं मिटलेली असताना. प्लगच्या भोकात सायकलचा आरा घालून हे अंतर मोजतात, पण भोक तिरकं असल्यामुळे ते माप चुकतं. हेड उतरलेलं असतानाच अचूक मोजून रोटर आणि केसिंगवर एकमेकांसमोर बारीक खुणा करून ठेवा. पुढची कित्येक वर्षं त्या कामी येतात.

गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि थंड झाल्यावर चालू होते, अशी तक्रार असेल तर कार्बोरेटर खोलण्याआधी कंडेन्सर बदलून बघा.

टाकीत गंज आहे. नवी टाकी घेऊ की साफ करू?

पत्रा शाबूत असेल तर साफच करा. बाजारातल्या नव्या टाक्यांचा पत्रा पातळ आणि घडण वेगळी असते. आत टॉर्च टाकून बघा : नारिंगी भुकटी म्हणजे वरवरचा गंज, काळे खवले म्हणजे खोल.

पेट्रोल कॉक काढून भोक रबर आणि बोल्टने बंद करा. दर लिटर कोमट पाण्याला ६० ते ८० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व. जावाच्या टाकीला किलोभर लागतं. पूर्ण भरून १२ ते २४ तास ठेवा. खवले जास्त असतील तर मूठभर नट आत टाकून हलवा, पण टाकताना मोजून टाका आणि काढताना मोजा. ओतून झाल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच हेअर ड्रायरने वाळवा. मुंबईच्या हवेत ओली टाकी तासाभरात पुन्हा लाल होते. वाळली की १०० मिली टू-टी तेल आत फिरवून ठेवा. मिठाचं तेजाब वापरू नका, ते चांगला पत्राही खातं आणि जोडाचं पितळ-डाग सोडवतं.

टाकीला भोक असेल तर झाळकाम फक्त जाणत्या माणसाकडून. रिकाम्या टाकीतल्या पेट्रोलच्या वाफेचा स्फोट होतो. दहा वर्षं कोरडी दिसणारी टाकीही त्याला अपवाद नाही.

आजकालच्या इथेनॉलच्या पेट्रोलवर जुनी गाडी चालेल?

चालेल, थोडी तयारी हवी. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, कॉर्कची सीलं आणि टाकीतलं जुनं लायनिंग विरघळवतं आणि हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलची नळी, कॉकची सीलं आणि कार्बोरेटरचा ओ-रिंगचा संच इथेनॉल झेलणारा घ्या. पेट्रोल-हवेचं मिश्रण थोडं पातळ होतं, त्यामुळे प्लग पांढरट दिसला तर कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा घाला. आणि महत्त्वाचं, दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवा.

सहा व्होल्ट ठेवू की बारा करू?

फिरायची गाडी असेल तर बारा. हिशेब सोपा आहे : ३५ वॉटच्या दिव्याला सहा व्होल्टला ५.८ अँपिअर लागतात, बाराला २.९. जुन्या, हिरव्या पडलेल्या तारांतून दुप्पट करंट न्यायचा म्हणजे दिवा मिणमिणणारच. पण बऱ्याचदा दोष व्होल्टचा नसून अर्थिंगचा असतो. रंग लावलेल्या फ्रेमवर अर्थची तार आवळली तर संपर्कच होत नाही. तिथला रंग खरवडून घ्या. जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक अर्थला असतं, बॅटरी जोडण्यापूर्वी ते तपासा.

व्हिंटेज नोंदणी किंवा स्पर्धा डोक्यात असेल तर सहाच ठेवा आणि वायरिंग नवं, जाड तारेचं करा.

मुंबईत पार्ट कुठे मिळतात?

बेअरिंग, ऑइल सील, नट-बोल्ट, हत्यारं : नागदेवी स्ट्रीट. जुना बेअरिंग घेऊन जा, कडेवर कोरलेला नंबर दाखवा, गाडीचं नाव सांगायची गरज नाही. तारा, बल्ब, होल्डर : लोहार चाळ. चोरबाजारात जुने मूळ दिवे, मीटर, हँडलचे लिव्हर अजून हाती लागतात, मात्र नंबर असलेलं इंजिन किंवा केसिंग पावती आणि कागदांशिवाय घेऊ नका.

आयडियल जावा १९९६ मध्ये बंद झाली, त्यामुळे ‘कंपनीचं सील’ म्हणून विकलं जाणारं पाकीट बहुतेक नकली असतं. २०१८ मध्ये आलेल्या नव्या जावाचे पार्ट जुनीला बसत नाहीत. नाव सोडलं तर दोन गाड्यांत काही समान नाही. चेक प्रजासत्ताकात जुन्या जावाचे पार्ट अजून बनतात, पण मैसूरच्या गाड्यांत पुढे बदल होत गेले, म्हणून मागवण्याआधी जुन्या पार्टचं व्हर्निअरने माप घ्या. जुना पार्ट फेकू नका म्हटलं ते याचसाठी : पन्नास वर्षांपूर्वीचा झिजलेला मूळ गिअर दुरुस्त करून बसवला तर नव्या नकलीपेक्षा जास्त टिकतो.

क्रोम केलेले रिम एका पावसाळ्यात गंजले. का?

क्रोमचा थर फक्त चमक देतो. गंज अडवतो तो त्याखालचा निकेल. तो पातळ मारला की समुद्राची खारी हवा काही महिन्यांत आत शिरते. देताना स्पष्ट ठरवा : घासकाम, तांबं, जाड निकेल, मग क्रोम. रिमच्या आतली बाजू आणि आऱ्यांची भोकं सगळ्यात आधी गंजतात, कारण तिथे थर पोहोचत नाही. तिथे आतून झिंक प्रायमर लावा. स्प्रिंगा, आरे आणि ताण सोसणारे बोल्ट क्रोमला देऊ नका. त्या प्रक्रियेत पोलाद ठिसूळ होतं आणि चालत्या गाडीत तुटतं.

मूळ रंग थोडा उडालाय. पुन्हा रंगवू?

शक्य असेल तर नको. टाकीवर आजोबांच्या गुडघ्याने घासलेली जागा, हाताने मारलेली सोनेरी रेघ, विक्रेत्याचं जुनं स्टिकर, हे एकदा घासलं की कुठल्याही पेंटरकडून परत मिळत नाही. सौम्य पॉलिश आणि मेण लावून पाहा. गंज पसरत असेल तेवढीच जागा साफ करून रंग जुळवून भरा.

पूर्ण रंगवायचीच असेल तर जुन्या रंगाचा नमुना टाकीच्या तळाशी किंवा बॅटरीच्या खोक्यामागे ऊन न लागलेल्या जागेवर बघा. रेघा किती मिलिमीटर रुंद, कडेपासून किती अंतरावर, याचे पट्टी ठेवून फोटो घ्या. आणि रंगण्यापूर्वी सगळी गाडी कच्ची जोडून बघा. मडगार्डचं भोक जुळत नाही हे रंगाआधी कळलं पाहिजे.

टू-के (हार्डनर मिसळायचा) रंग आणि क्लिअर कोट घ्या, साध्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो. इंजिनच्या केसिंगला वाळूचा मारा देऊ नका, वाळूचा कण तेलाच्या वाटेत राहिला तर नवं बेअरिंग जातं. जून ते सप्टेंबर रंगकाम टाळा. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते आणि ती पॉलिशने जात नाही. तो काळ इंजिनाला द्या.

ब्रेक आणि टायरबद्दल काही?

टायर दिसायला चांगला असला तरी जुना टायर बदलायचाच. २००० नंतरच्या टायरवर चार आकडी खूण असते, आठवडा आणि वर्ष : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. जावाला ३.२५-१६, बुलेटला ३.२५-१९. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली भुकटी फुंकू नका किंवा हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. ड्रम लंबगोल झाला असेल तर लेथवर सारखा करून घ्या आणि लायनर त्या मापाला घासून बसवा.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करता येईल का?

सुटं काम, हो. टाकी मात्र रिकामी करून ठेवा, पेट्रोल बाटल्यांत साठवू नका, वेल्डिंग-ग्राइंडिंग तिथे नको. खाली जाड पुठ्ठा आणि ट्रे ठेवा. तेलाच्या एका डागावरून सेक्रेटरींची परवानगी जाते.

नव्याने बांधलेलं इंजिन कुठे आणि कसं मोकळं करायचं (रन-इन)?

पहिले ५०० किलोमीटर टू-स्ट्रोकला १:२०, म्हणजे लिटरला ५० मिली. पहिल्यांदा पाच मिनिटं चालवून पूर्ण थंड होऊ द्या आणि थंड असतानाच हेडचे बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने पुन्हा आवळा. मग दहा मिनिटं, मग वीस. एकाच वेगाने चालवू नका आणि वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावू नका.

ही इंजिनं वाऱ्यावर थंड होतात. सायनच्या सिग्नलवर वीस मिनिटं उभं राहणं त्यांना जड जातं, म्हणून पहाटे निघा. सी लिंक, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा मरीन ड्राइव्ह किंवा नवी मुंबईचा पाम बीच रोड सोयीचा. जावा-येझदी दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी येतो. मुंबईत तेव्हा भर पाऊस असतो, त्यामुळे निघताना प्लगच्या टोपीला आणि एअर फिल्टरला पाणी लागणार नाही याची सोय करा.

पीयूसी मिळेल का?

३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. सील, पॉइंट आणि एअर फिल्टर ठीक असेल तर ती गाठता येते. इंजिन गरम करून जा.

पावसाळ्यात गाडी कशी ठेवायची?

प्लास्टिकचं आवरण थेट घालू नका. आत वाफ साचते आणि उघड्या गाडीपेक्षा लवकर गंज धरतो. आत सुती चादर, वर ताडपत्री, ती गाडीला न चिकटता. टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दमट हवा राहत नाही, आणि टू-स्ट्रोक असली तर त्यात तेलाचं मिश्रणच भरा. बॅटरी घरात काढून ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचा बोळा घाला आणि त्याला लाल दोरी बांधून ती किकवर लोंबती ठेवा, म्हणजे चालू करताना तो काढायचं विसरणार नाही. आठवड्यातून एकदा गाडी टॉप गिअरमध्ये टाकून, प्लग काढून, चाक हाताने दोन-चार वेळा फिरवा. नुसती पाच मिनिटं चालू करून बंद करण्यापेक्षा हे चांगलं. थंड इंजिनात जमलेलं पाणी तेवढ्यात वाळत नाही.